लिंबाचा उपास

साताऱ्यात घर बैठं असलं तरी परस म्हणजे आता फार तर दोन खाटा मावतील एवढीच जागा. त्यात धुण्याचा दगड, पाण्याची टाकी, वाळत घातलेले कपडे, आणि उरलेल्या जागेत आमची शेती. पुदिना आहे, गवती चहाचं ठोंब आहे, पानओवा आहे, रंगाच्या जुन्या डब्यात कढीपत्ता आहे. आणि या सगळ्या प्रजेवर सिमेंटच्या कुंडीतलं कागदी लिंबू राज्य करतं.

प्रजा बिनतक्रार. पुदिना तर कुणी लावलाच नाही म्हणा ना. बाजारच्या जुडीची पानं खुडून झाल्यावर उरलेल्या काड्या हिने ओल्या मातीत खोचल्या, त्यांनी नळाखालची सगळी जागा बळकावली. पानओव्याची फांदी मोडली तर पडल्या जागी मूळ धरते. कोथिंबीर तेवढी मानी. धणे आधी चपलेखाली रगडून त्यांच्या फाकी करायच्या, मग पेरायचे, मग आठ-दहा दिवस वाट बघायची. आणि ऊन वाढलं की बाईसाहेब दोन बोटं वाढून थेट फुलोऱ्यावर. घरच्या कोथिंबिरीची चटणी मी अजून खाल्लेली नाही, पण घरची कोथिंबीर म्हणून पाहुण्यांना दाखवलेली आहे.

लिंबाचं दुखणं वेगळं होतं. झाड छान, पानं हिरवीगार, काटे तर विचारू नका. फक्त लिंबू नाही. रोपवाटिकेवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "साहेब, लाड कमी करा." पाणी आणि खत हात राखून न घातलं, तर झाड पानांतच रमतं. बागायतदार म्हणूनच बहर धरण्याआधी पाणी तोडून झाडाला ताण देतात. पावसाळा सरताना ताण दिला की हस्त बहर फुटतो आणि फळ ऐन उन्हाळ्यात हाताशी येतं. अडचण एवढीच, की ज्या दिवसांत झाड कोरडं ठेवायचं त्याच दिवसांत वरून पाऊस चालू असतो. उन्हाळी लिंबू महाग होण्यात या पावसाचाही हात असतो. 2022 च्या एप्रिलमध्ये एकेक लिंबू दहा-पंधरा रुपयांना घेतलेलं लोक अजून विसरलेले नाहीत. पण कुंडीवाल्याकडे एक हुकमी पत्ता असतो, तो बागायतदाराकडे नाही. कुंडी ओढून वळचणीला नेता येते.

भाद्रपदात मी ती नेली. पानं कोमेजून वळायला लागेपर्यंत थेंबभरही पाणी घालायचं नाही, असं घरात जाहीर केलं. मराठी घरात कुणाला उपाशी ठेवणं किती अवघड आहे, हे मला तेव्हा कळलं. आई म्हणाली, "अरे, माणसांचीसुद्धा निर्जळी एकादशी वर्षातून एकदाच असते!" आणि मी कचेरीत गेलो की तांदूळ धुतलेलं पाणी गुपचूप कुंडीत. गौरींच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायका पेल्यात उरलेलं पाणी, वाया कशाला घालवा म्हणून, नेमकं तिथेच ओतत. शेजारच्या काकूंनी तर कुंपणावरून कबुलीच दिली, "दोन तांबे घातले हो मी. बघवेना." शेवटी मी कुंडीवर प्लॅस्टिकचा कागद बांधला. त्या दिवशी आई माझ्याशी नेमकंच बोलली.

पानं वळली. मग शेणखत, निंबोळी पेंड आणि पोटभर पाणी. आश्विनात खरंच कळ्या आल्या, बाहेरून किंचित जांभळट, आणि परसात धुण्याच्या साबणावर मात करणारा वास. त्याच सुमारास पानांवर पाखराची विष्ठा पडल्यासारखे ठिपके दिसले, आणि ते चालू लागले. फुलपाखराच्या अळ्या. मोठ्या झाल्या की हिरव्या होतात, आणि काडीने डिवचलं तर डोक्यामागून शेंदरी दुबेळकं शिंग काढून उग्र वास सोडतात. लिंबू आणि कढीपत्ता एकाच कुळातले, त्यामुळे यांना दोन्ही पानं चालतात. मी चिमटा आणला, तेवढ्यात चिरंजीव आडवे आले. 2015 पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू म्हणून मिरवणाऱ्या ब्ल्यू मॉरमॉनच्या अळ्याही लिंबाच्याच जातीची झाडं खातात, हे त्याला शाळेत शिकवलं होतं. "बाबा, ही तीच असली तर?" आता घरात राहून राज्य सरकारशी कोण वाकडं घेणार! अळ्यांची बदली कढीपत्त्यावर झाली. फोडणीला पुढे काही दिवस विकतची पानं आली.

चैत्रात पहिलं लिंबू पिवळं झालं. श्रेयाचे दावेदार भरपूर होते. आईच्या मते सगळी किमया तांदळाच्या पाण्याची. मी सरबतासाठी साखर, मीठ, चिमूटभर वेलदोड्याची पूड असा जामानिमा मांडून बसलो होतो. आईने लिंबू तोडलं, सुईदोरा घेतला, सात हिरव्या मिरच्यांबरोबर ओवलं आणि परसाच्या दारावर टांगलं.

"काकू दोनदा म्हणाल्या, काय बाई झाड फुललंय," ती म्हणाली. "सरबताला बाजारातून आण."