बाकी सगळं आहे

जुनी पिकअप विकणाऱ्याचं वाक्य ठरलेलं असतं: 'किरकोळ सामान नाही, बाकी सगळं आहे.' हौशी माणूस तेवढ्यावर टोकन देतो. मग टोचन लावून दारात आणलेल्या महिंद्राच्या एफसी-१५० समोर उकिडवं बसून त्या 'किरकोळा'चा शोध सुरू होतो. १९५० च्या दशकातल्या अमेरिकन विलीजच्या आराखड्यावरच्या या गाडीचं इंजिन केबिनमध्येच, दोन सीटांच्या मधोमध. त्यामुळे वरचं झाकण गायब असेल तर ते शोधावं लागत नाही; शेजारी बसलेल्याची मांडी सांगते. खरी कसोटी चासीवर. बोल्ट नसलेलं प्रत्येक भोक आणि एकटाच उरलेला ब्रॅकेट काहीतरी सांगत असतो. काय, ते डावी बाजू उजवीशी ताडल्यावर कळतं. दोन्हीकडे नसेल तर मेकॅनिक छातीठोक सांगतो, 'कंपनीनं दिलंच नव्हतं.' (जीपचे पुष्कळ भाग हिला चालतात, हे जुन्या बाजारातल्या दुकानदाराला आपल्याआधी ठाऊक असतं आणि भावही त्याच हिशेबानं निघतो.) शेवटी आरसी बुक उघडावं, तर इंधनापुढे लिहिलंय पेट्रोल, आणि पोटात कुणीतरी केव्हाच प्यूजोचं डिझेल इंजिन बसवलेलं. म्हणजे काय नाही याची यादी अर्धवट ठेवून आता काय जास्तीचं आहे याची करायला घ्यायची.