ठेवा सर्वांचा, नाव आपलं
(नवशिक्या संशोधकांसाठी प्राथमिक मार्गदर्शन)

‘लोकसंस्कृती हा सर्वांचा सामाईक ठेवा आहे’ हे वाक्य आधी पाठ करा. अर्जात ते पहिल्या परिच्छेदात येतं आणि अहवालात शेवटच्या. मधल्या काळात त्याची आठवण कोणी काढत नाही.

विषयासाठी फार डोकं चालवू नका, जात्यावरच्या ओव्या घ्या. गाणाऱ्या बायका थकल्या आहेत, म्हणजे ‘तातडीनं जतन’ हे शब्द आयतेच मिळतात. सहकार्य दिसावं म्हणून तीन-चार संस्था जोडा, त्यांतली एक गावातली असू द्या. बायका गोळा करणं आणि चहा सांगणं ही तिची बौद्धिक भागीदारी.

संदर्भयादीत एलिनॉर ऑस्ट्रॉम हव्यातच. सामाईक साधनसंपत्तीच्या अभ्यासासाठी त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं पुस्तक मात्र उघडू नका. सामाईक म्हणजे बेवारशी नव्हे, नियम असतात म्हणून ते टिकतं आणि नियम करताना वापरणारी माणसं हजर लागतात, असलं गैरसोयीचं बरंच त्यात आहे. स्वित्झर्लंडमधल्या ट्योर्बेल गावानं १५१७ सालीच ठरवलं होतं की, हिवाळ्यात जेवढ्या गायी पोसता येतील तेवढ्याच उन्हाळी कुरणात सोडायच्या. आपण हिवाळ्यात गावात राहणार नसल्यामुळे हा नियम आपल्याला लागू नाही.

गावात पोचताच जातं शोधा. गिरणी येऊन जमाना झाला, तेव्हा ते परसात पालथं पडलेलं असेल. तळी धुवा, वर पाळू बसवा, खुंटा नसेल तर नवा ठोकून घ्या. मग आजींना बसवून वैरण घालायला सांगा. दाणे नसले तरी चालेल, घरघर नंतर जोडता येते. संमतीपत्र इंग्रजीत असावं, म्हणजे प्रश्न कमी येतात. तरीही आजी विचारतीलच, “ह्याचं काय करनार तुमी?” ‘जतन’ असं गंभीर आवाजात सांगा. “मंग मला बी आयकायला द्या की.” लिंक पाठवतो म्हणावं. आजींकडे कसला फोन आहे हे विचारण्याची गरज नाही.

भाऊराया, माहेर, सीतेचा वनवास अशा ओव्या आल्या तर उत्तम. नवऱ्याच्या मारावरची किंवा बाबासाहेबांवरची निघाली, तर परिशिष्टात टाका. तिथवर परीक्षकसुद्धा जात नाहीत.

आता नाजूक भाग. ओवी सर्वांची, म्हणून तिच्याखाली ‘पारंपरिक’ एवढंच लिहायचं. पुस्तक मात्र आपलं, म्हणून सर्व हक्क स्वाधीन.

एका वाईट उदाहरणापासून सावध राहा. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी १९८०च्या दशकात ओव्या जमवायला सुरुवात केली आणि या कामात कित्येक वर्षं घालवली. मुळशीकडच्या डोंगरी भागातल्या, स्वतः जात्यावर बसलेल्या बायकाच त्यांच्याबरोबर ओव्या गोळा करत आणि अर्थही लावत. ज्यांच्या ओव्या त्यांनीच अर्थ लावल्यावर संशोधकानं करायचं काय? पुढे बर्नार्ड बेल हे संगीत-अभ्यासकही येऊन मिळाले. हजाराहून जास्त गावांतून लाखावर ओव्या जमल्या. एवढ्या ऐवजावर किती पीएचड्या निघाल्या असत्या! २०१७पासून हा संग्रह ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहालयाच्या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्यानं येतो आहे. तो फुकट वाचता येतो आणि बऱ्याच ओव्या मूळ आवाजात ऐकताही येतात. तिथं ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव दिलेलं असतं. तुमची आजी जात्यावर गात असेल, तर तिच्या गावाचं नाव तिथं एकदा शोधून पाहा.