मालक

नांदेड-लातूर पट्ट्यात पिकअप घेतली की माणूस ‘मालक’ होतो. हप्ते थकलेले असले तरी होतो. फायनान्सवाला सोडला तर सगळं जग त्याला मालकच म्हणतं.

आमचे मालक लोहा तालुक्यातले. एमएच-26 पासिंगची पांढरी बोलेरो पिकअप, काचेवर माळेगावचा खंडोबा, मागे ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’. सुगीत सोयाबीनचे कट्टे लातूरच्या अडतीवर, मार्गशीर्षात माळेगावच्या जत्रेला जनावरं, लग्नसराईत मांडवाचं सामान आणि मांडवाच्या सामानावर बसलेली वऱ्हाडी मंडळी. गाडीची क्षमता 1.7 टन, असं कंपनी म्हणते. “कंपनीवाले भित्रे असतेत,” असं मालक म्हणतात आणि आणखी पाच कट्टे चढवायला लावतात.

गाडीवर त्यांचा जीव आहे, यात शंका नाही. तीन सुरांचा हॉर्न आहे, रेडियमची वेलबुट्टी आहे, टेप असा की चाकूरात लावला तर अहमदपुरात ठेका धरावा. दर शनिवारी लिंबू, मिरची आणि बिब्बा बदलतो. ब्रेकचे पॅड मात्र बदलत नाहीत. त्यामागे मालकांचं तत्त्वज्ञान आहे: “ब्रेकवर चालवतो तो कच्चा डायवर. उताराला गाडी गिअरवर सोडायची.” ऐकणारा मान डोलावतो, कारण बोलणं शंभर टक्के बरोबर आहे. एवढंच की बालाघाटाचा उतार लागला की मालक स्वतः डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करतात. मग इंजिन मोकळं आणि सगळा भार पुढच्या दोन डिस्कांवर. मागे ड्रम आहेत, पण ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे येतं आणि मोठं काम पुढच्यांनाच करावं लागतं. उताराच्या तळाशी चाकातून करपल्याचा वास येतो. मालक काच वर करतात.

गाडी बिचारी सांगत होतीच. पॅड संपत आला की त्यावरची एक पत्र्याची पट्टी डिस्कला घासून किंचाळते. ती तेवढ्यासाठीच बसवलेली असते. मालक म्हणाले, “धूळ बसलीय,” आणि टेपचा आवाज वाढवला. पॅड झिजले तशी डबीतल्या ब्रेक ऑइलची पातळी खाली गेली. “ऑइल प्यायलीय,” म्हणून वर ओतलं. मग ब्रेकवर पाय ठेवला की स्टिअरिंग थरथरायला लागलं. “रस्ता खराब हाय.” पुढे हाच रस्ता राष्ट्रीय महामार्ग 361 झाला, रुंद झाला, गुळगुळीत झाला, आणि मालकांची एक हक्काची सबब सरकारनं काढून घेतली.

शेवटी लातूरच्या गंजगोलाईनं निकाल लावला. त्या वर्तुळाला 16 रस्ते येऊन मिळतात आणि त्या सोळाही रस्त्यांवरून एकाच वेळी कोणीतरी आडवं येतं. मालकांच्या पुढे केळ्यांचा हातगाडा आला. पेडल थेट तळाला टेकलं, गाडी खर्रर्र करत ढकलल्यासारखी गेली आणि केळ्यांपासून वीतभर अलीकडे थांबली. हातगाडीवाल्यानं मालकांच्या पूर्वजांची चौकशी केली. मालक खाली उतरून शांतपणे म्हणाले, “लागला का न्हाई ब्रेक?”

दुसऱ्या दिवशी गाडी नांदेडात, उस्तादांच्या गॅरेजात. मालकांनी चाकाच्या फटीतून बोट दाखवलं. “बगा उस्ताद, पॅड अर्धा बाकी हाय.” उस्ताद काही बोलले नाहीत. टॉमीनं नट सैल केले, जॅक लावला, चाक काढलं, कॅलिपर उचलला. मालकांनी पाहिलेला पॅड बाहेरचा होता. आतल्या पॅडचा मसाला केव्हाच संपून नुसती लोखंडी पाटी डिस्कवर घासत होती, कारण कॅलिपरची पिन ग्रीस सुकून जाम झाली होती. डिस्कच्या आतल्या बाजूला खोल चऱ्या, तापून पडलेले निळे डाग, आणि कडेला एवढी धार की उस्तादांनी अंगठ्याचं नख अडकवून दाखवलं.

“लेथ मारून घिऊ,” मालक म्हणाले.

“दो बार मार चुके, मालक. अब ये प्लेट नई, पापड है.”

उस्तादांनी व्हर्निअर लावला. किमान जाडी डिस्कच्या अंगावरच मिलिमीटरमध्ये लिहिलेली होती. हा आकडा तिच्या बराच खाली. जाडी कमी म्हणजे उष्णता साठवायला लोखंड कमी, म्हणजे ती आणखी लवकर तापणार. मालकांनी चष्मा लावून मजकूर वाचला आणि म्हणाले, “हे लिहिणाऱ्याला लोह्याची सोयाबीन ठावं हाय का?”

मग वाटाघाटी. मालकांचा प्रस्ताव: डावी डिस्क बदलायची, उजवी राहू द्यायची. उस्ताद म्हणाले, जोडीच बदलतात, नाहीतर ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढणार. “कोणत्या अंगाला?” मालकांनी विचारलं. म्हणजे तेवढं सोसण्याची तयारी होती. चहा झाला, दुसरा झाला, आणि मालकांनी पैसे असे मोजून दिले जणू मुलीची पाठवणी चालली आहे.

नवी जोडी आली. उस्ताद हबवरचा गंज तारेच्या ब्रशनं खरवडत होते, कारण गंजावर डिस्क बसवली तर ती नवीकोरीही डुगडुगते. तेवढ्यात मालकांनी दोन्ही डिस्कांना हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला आणि पाणी शिंपडलं. उस्तादांनी एकदा आभाळाकडे पाहिलं, फडकं पेट्रोलमध्ये बुडवलं आणि डिस्कचं गंजरोधक तेल, कुंकू, नारळपाणी सगळं एकत्र पुसलं. पिनांना ग्रीस, नवे पॅड, पोऱ्याला सीटवर बसवून पंपिंग, हवा काढली. पेडल घट्ट झालं.

“आता ऐका,” उस्ताद म्हणाले, “पैले दो-तीनसौ किलोमीटर जोरका ब्रेक नई मारना. पॅड बैठने दो.”

मालकांचा चेहरा उजळला. त्या संध्याकाळी लोह्याच्या चहाच्या टपरीवर ते पाचपन्नास जणांना सांगत होते, “म्या इतकी वर्सं काय बोलायलाव? आता नांदेडच्या उस्तादानंबी सांगितलं, ब्रेक मारायचाच न्हाई.”