अंधाराचा युवराज

मोटारीच्या सुट्या भागांविषयी, ज्याच्यापाशी स्वतःची मोटार नाही अशानेच लिहावे हे मला सर्वथैव न्याय्य वाटते. कारण ज्याच्यापाशी ती आहे, आणि त्यातून जुनी ब्रिटिश बनावटीची आहे, त्याच्याकडून ‘लुकास’ या नावाविषयी निःपक्षपाती जबानीची अपेक्षा करणे म्हणजे भाडेकरूकडून घरमालकाचे चरित्र लिहवून घेण्यासारखे आहे.

बर्मिंगहॅमचा जोसेफ लुकास 1860 च्या सुमारास, पदरी मोठे कुटुंब आणि हाताला रोजगार नाही अशा अवस्थेत, ढकलगाडीवरून रॉकेल विकत हिंडत असे. पुढे त्याने दिवे घडविले, आणि सायकलच्या चाकात टांगावयाच्या एका दिव्यास, यत्किंचितही संकोच न बाळगता, ‘किंग ऑफ द रोड’ हा किताब बहाल केला. हा सद्गृहस्थ मद्यपाननिषेधाचा कट्टर पुरस्कर्ता होता. 1902 साली इटलीत नेपल्स येथे विषमज्वराने त्याचा अंत झाला, आणि त्यास तिथले पाणी कारण झाले, असे सांगतात. द्राक्षासवाच्या त्या देशात पाण्याचाच आग्रह धरल्याचे हे फळ मिळाले, यावर मद्यपी मंडळींनी अद्याप एखादा ग्रंथ कसा सिद्ध केला नाही, याचे मला नवल वाटते.

त्याच्या पश्चात, 1914 मध्ये, मॉरिस मोटारींना विजेचे साहित्य पुरविण्याचा मक्ता त्याच्या कंपनीस मिळाला. पुढे रोटॅक्स आणि सी. ए. व्ही. हे प्रतिस्पर्धीही तिने विकत घेतले, आणि ब्रिटिश मोटारीतला डायनामो, सेल्फ, कटआऊट, हॉर्न असा बहुतेक मुलूख या एका अमलाखाली आला. जिथे दुसरा वतनदारच उरला नाही, तिथे प्रत्येक गुन्ह्याची फिर्याद त्याच नावावर दाखल होणार, हे ओघानेच आले. एमजी, ट्रायम्फ आणि नॉर्टन या ब्रिटिश गाड्यांच्या इंग्लंड-अमेरिकेतील भक्तमंडळींनी लुकासला ‘प्रिन्स ऑफ डार्कनेस’, म्हणजे अंधाराचा युवराज, ठरविले. लुकासच्या बटणाला तीन घरे असतात, मंद, लुकलुक आणि बंद, असे ते सांगतात. इंग्रज बिअर कोमट का पितात, तर त्यांचे शीतकपाट लुकासचे असते, असे समजावतात. आणि सभ्य माणूस अंधार पडल्यावर मोटार हाकीत नाही, हे वचन खुशाल जोसेफच्या नावावर खपवितात. तारांमध्ये वस्तुतः धूर वाहतो, आणि तो एकदा बाहेर पडला की यंत्र थांबते, हा त्यांचा सिद्धांत तर इतका रूढ झाला की, भरपाईचा धूर म्हणून डबेदेखील विकले गेले. आपल्याकडे निंदास्तुती नावाचा भक्तिप्रकार आहे. त्याचा याहून निष्ठावंत संप्रदाय माझ्या पाहण्यात नाही. ज्या सुट्या भागाने निमूटपणे काम केले त्याच्या नावाने डबे कोण विकत घेणार?

आता प्रतिवादीची कैफियतही ऐकली पाहिजे. पैपैची घासाघीस करून माल घेणारे कारखानदार निराळेच होते. आरंभीच्या एमजीबी मोटारीत साऱ्या विजेच्या कारभारावर पहारा ठेवण्यास अवघे दोन फ्यूज नेमलेले असत, आणि तारांचे सांधे इंग्लंडच्या सर्द हवेत गंजत, त्यात बिचाऱ्या जोसेफच्या वारसांचा अपराध तो किती? दुसऱ्या महायुद्धात व्हिटल या इंग्रज अभियंत्याच्या जेट इंजिनाच्या ज्वलनकक्षांचे बिकट काम याच कंपनीने पार पाडले. आकाशात ज्यांनी अग्नी आटोक्यात ठेवला, त्यांची अपकीर्ती व्हावी ती जमिनीवरच्या एका लुकलुकत्या दिव्यापायी!

1961 मध्ये मद्रासजवळ पाडी येथे लुकास-टीव्हीएस निघाली आणि ते नाव आपल्याही रस्त्यांवर रुजले; पण युवराजपद मात्र त्याला इथे लाभले नाही. सेल्फ उठला नाही की आपल्याकडे चार अनोळखी माणसे आपणहून गाडीला धक्का मारू लागतात, आणि त्या गडबडीत कोणाची बदनामी करण्याइतकी उसंत उरत नाही.

मूळ कंपनी 1996 मध्ये व्हॅरिटीत विलीन झाली, आणि 1999 मध्ये टीआरडब्ल्यूने तो सगळा जोडकारभारच विकत घेतला. तेव्हा तक्रारअर्ज पाठविण्यास आता जुना पत्ताही शिल्लक नाही. वाचकांपैकी कोणापाशी एखादी जुनी ब्रिटिश मोटार असेल, तर शिव्यांस आरंभ करण्यापूर्वी त्याने अर्थिंगचा सांधा एकवार काचकागदाने घासून पाहावा, एवढी विनंती आहे.