परदेशी जाऊन आलेली खिचडी

नर्मदाकाठच्या भेडाघाटात अजून माणसे भूक लागली म्हणून खातात, ही खेदाची बाब आहे. गक्कड-भरता, खव्याची जिलबी, झाले! याला काय भोजनसंस्कृती म्हणायचे?

आम्ही मात्र नुकतेच मुंबईच्या एका उंची इजिप्शियन उपाहारगृहात सुसंस्कृत होऊन आलो. कोशरी मागवली. भात, मसूर, मकरोनी, छोले, टोमॅटोचा रस्सा, वर कुरकुरीत कांदा. कैरोत हे रस्त्यावरचे, गरिबाचे पोटभरीचे खाणे. बिचाऱ्यांना मंद दिवे परवडत नाहीत. मूळची आपली खिचडीच तिकडे जाऊन कोशरी झाली, असे अनेक जाणकार मानतात. परदेशी जाऊन आलेल्या मुलाचा भाव वधारतो, मग खिचडीचा का नको?

सबब, भेडाघाटातही असेच उपाहारगृह काढावे आणि नर्मदेस नाईल घोषित करावे. दोन्ही वाहतात. संगमरवरी कडे आयतेच असल्याने पिरॅमिडचा खर्च वाचेल. धुवांधार धबधब्याचे तुषार टेबलागणिक मोजून बिलात लावावेत.

योजना भेडाघाटच्या नावाड्याला ऐकवली; कोशरीचे जिन्नस सांगितले, बिलाचा आकडाही. त्याने वल्ही थांबवली आणि हळू आवाजात विचारले, “घर में कौन बीमार था, साहब?”