२४० नंबरचे काजू

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत पन्नास-साठ माणसांच्या कोणत्याही कारखान्यात जा, हिशेबाच्या टेबलामागे एक काका बसलेले दिसतील. हुद्दा म्हणाल तर अकाउंट्स. पण पगारपत्रकापासून पाण्याच्या टँकरपर्यंत सगळं त्यांच्याच गळ्यात. हल्लीचे मालक त्यांना काका म्हणतात. मालकांचे वडीलही काकाच म्हणायचे, आणि तेव्हा काकांचं वय तीस होतं.

एरवी हे गृहस्थ कुणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. गणपती पाण्यात गेले की मात्र त्यांच्या खालच्या खणातून एक लांबट वही वर येते. दिवाळीला कोणत्या गिऱ्हाईक कंपनीत कुणाला काय द्यायचं, याची ती यादी. मालकालासुद्धा ती वही हातात मिळत नाही. काका वाचून दाखवतात तेवढंच ऐकायचं.

पितृपक्षात खरेदी करू नये हे काकांना मान्य आहे. पण भाव विचारायला शास्त्राची हरकत नाही. त्या पंधरवड्यात मार्केट यार्डाच्या भुसार विभागात सुक्यामेव्याचा व्यापारी रिकामा बसलेला असतो, चहा मागवतो आणि खरं बोलतो. तिथे काका काजूवर बोलायला लागले की आपण नुसतं ऐकावं. काजूला नंबर असतो: १८०, २१०, २४०, ३२०. एका पौंडात साधारण तेवढे दाणे बसतात, म्हणजे नंबर लहान तसा काजू मोठा. त्याखाली पाकळी, आणि त्याखाली तुकडा.

काकांनी माणसांनाही हेच नंबर लावले आहेत. नवख्याला वाटेल, मोठा काजू मोठ्या साहेबाला. काकांच्या वहीत कारभार उलटा. परचेसच्या जनरल मॅनेजरला ३२०. कारण त्यांच्या केबिनमध्ये दिवाळीत डब्यांची चळत लागते, ते एकही उघडत नाहीत, आणि त्यांतले निम्मे ड्रायव्हरच्या गावी जातात. २४० जातो स्टोअर्समध्ये बसणाऱ्या, खिशाला चार पेनं लावलेल्या माणसाला. माल गेटातून आत गेला तरी या माणसाने आवक नोंदवल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही. त्याने ठरवलं तर नोंद आज होते, नाहीतर 'सिस्टिम स्लो' असते. दुसरा २४० क्वालिटीच्या मुलाला. तो गेज घेऊन उभा राहिला की आपल्या शंभर नगांचं भवितव्य त्याच्या मूडवर. रिजेक्शन निघालं की मागून डेबिट नोट आलीच. गेटवरच्या वॉचमनला चिवडा आणि लाडू, तेही आदल्या दिवशी, कारण गर्दीच्या दिवसांत टेम्पो आधी कुणाचा आत सोडायचा हे तो ठरवतो.

आणि १८०? तो अजून कुणालाच लागलेला नाही. ती जागा काकांनी आगाऊ पेमेंट करणाऱ्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवली आहे.

वहीचा खरा ऐवज शेवटच्या रकान्यात असतो. तिथे काकांच्या बारीक अक्षरात नोंदी असतात. 'साखर. गोड नको. डाएट चिवडा.' 'जैन. बटाट्याची सळी असलेला चिवडा चालणार नाही.' 'मूळचे पाटण्याचे. दिवाळीपेक्षा छठ मोठी. गूळ आणि साजूक तूप, भाऊबिजेच्या आत पोचवणे.' 'वाचतात. दिवाळी अंक.' या शेवटच्या नोंदीवरून मालकांशी एकदा वाद झाला होता. अंक दिल्यावर आपलं नाव कुठे दिसणार, असा मालकांचा प्रश्न. काकांनी 'मनोरंजन'च्या १९०९ च्या पहिल्या दिवाळी अंकापासून सुरुवात केली आणि मराठी माणूस दिवाळी अंक वर्षभर उशाशी ठेवतो, तो कुणी वॉचमनच्या केबिनमध्ये टांगत नाही, असं सांगून वाद संपवला. रोख त्या वर्षीच्या भिंतीवरच्या घड्याळांकडे होता. कंपनीच्या नावाची ती दीडशे घड्याळं मालकांनी स्वतः निवडली होती. आज चाकणपासून रांजणगावपर्यंत अनेक गेटांवरचे वॉचमन आमच्या मालकांच्या वेळेवर चालतात.

चांदीचा मुलामा दिलेल्या लक्ष्मी-गणपतीच्या जोडीलाही काकांचा विरोध आहे, आणि मला तो पटतो. देव परत करता येत नाही, दुसऱ्याला देताना जीव धजत नाही, टाकायचा तर प्रश्नच नाही. आधीच भरलेल्या देव्हाऱ्यात आपल्या सप्लायरचा देव कुठे बसवायचा, ही चिंता घालून आपण कुणाची कसली दिवाळी साजरी करतो?

काचेच्या वाट्यांचं त्यांचं मत मात्र प्रयोगातून बनलेलं आहे. लग्नातल्या लेमन सेटसारखे हे सेट घरोघर फिरत राहतात, असा संशय त्यांना पूर्वीपासून होता. म्हणून एका वर्षी त्यांनी प्रत्येक खोक्याच्या तळाला पेन्सिलीने बारीक फुली मारली. तिसऱ्या दिवाळीला आम्हाला बेअरिंग पुरवणाऱ्या माणसाने मोठ्या प्रेमाने एक खोकं आणून दिलं. काकांनी ते उलटं करून पाहिलं, 'वा वा, फार सुंदर' म्हणाले, आणि त्या माणसाला वहीत ३२० वरून पाकळीवर आणलं.

दसऱ्याच्या सुमारास मोठ्या कंपन्यांची पत्रं येतात: आमचे कर्मचारी कोणतीही भेट स्वीकारत नाहीत, कृपया पाठवू नये. काका ही पत्रं वहीतच लावून ठेवतात. तिथे ते रिकाम्या हाताने जातात, शुभेच्छा देतात, चहा घेतात आणि निघतात. एकदा मला म्हणाले, "गंमत बघा. जिथे भेट घेत नाहीत, तिथलं पेमेंट तारखेला येतं. जिथे डबा हसत हसत घेतात, तिथे बिल चार महिने लोळतं. म्हणजे आपण हे काजू कशाबद्दल देतो, ते तुम्हीच ठरवा."

कायदा काकांना पाठ आहे. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे, करार असला तरी पैसे ४५ दिवसांपलीकडे लांबवता येत नाहीत. लांबवले तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. आता तर मुदतीत न दिलेल्या अशा पैशांची वजावट ते प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरातही मिळत नाही. हे सगळं काका बोटांवर मोजून सांगतात. आजवर व्याज किती जणांकडे मागितलं, असं विचारलं तर चष्मा पुसायला घेतात. "व्याज मागितलं की पुढची ऑर्डर शेजारच्या शेडला. त्यापेक्षा काजू स्वस्त पडतो."

सीए साहेब दरवर्षी त्यांना दोन गोष्टींची आठवण करून देतात. भेट म्हणून वाटलेल्या मालावरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही. आणि जुलै २०२२ पासून धंद्यातल्या कुणाला वर्षात २०,००० रुपयांवर लाभ दिला तर १० टक्के कर कापावा लागतो. काकांची सगळ्यात महागडी भेट हजार-बाराशेच्या वर जात नाही. तरी ते शांतपणे विचारतात, "म्हणजे शंभर काजू दिले तर दहा काढून घ्यायचे का?"

या माणसाला हिशेबी म्हणून मोकळं होता येत नाही, ही माझी अडचण आहे. मागच्या दिवाळीआधी एका कंपनीतल्या बिलं पास करणाऱ्या साहेबांची आई गेली. त्या घरात त्या वर्षी कढई चढणार नव्हती. काकांनी त्यांच्या नावापुढचा चमकीच्या कागदातला डबा खोडला, आपल्या घरच्या चकल्या, करंज्या स्टीलच्या डब्यात भरल्या आणि पाडव्याच्या आदल्या दिवशी स्वतः चिंचवडला जाऊन आले. तासभर बसले. आईंच्या आजारपणाचं सगळं ऐकून घेतलं. बिलाचा विषय काढला नाही.

तो दिवाळीनंतर कामावरच्या पहिल्या दिवशी, फोनवर काढला.

गेल्या वर्षापासून मालकांचे चिरंजीव कारखान्यात येऊ लागले आहेत. ते एमबीए असल्यामुळे त्यांनी वही मागितली नाही, एक्सेल मागितली. मग एक नमुन्याचं खोकं मागवलं. त्यात गवताच्या गादीवर क्विनोआची बिस्किटं, बांबूचा टूथब्रश, मातीत पुरला की झेंडू उगवेल असा शुभेच्छांचा कागद आणि काचेच्या ग्लासात काहीतरी तपकिरी होतं. काकांनी त्याचा वास घेतला.

"दादा, हे खायचं की लावायचं?"

"काका, ती कॉफीच्या वासाची मेणबत्ती आहे."

"वर लिहा तसं. स्टोअर्सवाले चमचा घालतील."

खोकं रद्द झालं. त्याऐवजी चिरंजीवांनी सगळ्यांच्या मोबाइलवर हजार-हजार रुपयांची ई-व्हाउचरं पाठवली. एका दुपारी, एका बटणावर, सगळ्यांना सारखी. स्टोअर्स आणि जनरल मॅनेजर एकाच पंक्तीला. काकांनी वही खणात ठेवली आणि पंधरा दिवस पाण्याच्या टँकरकडे फार बारकाईने लक्ष दिलं.

भाऊबीज झाल्यावर स्टोअर्समधल्या त्या चार पेनांच्या माणसाचा फोन आला. काकांनी स्पीकरवर घेतला. चिरंजीव समोरच बसले होते.

"काका, तुमच्या कंपनीच्या नावाने मेसेज फिरतोय बघा. लिंक दाबा, हजार रुपये मिळवा म्हणून. फ्रॉड दिसतोय. मी लगेच डिलीट केला आणि आमच्या ग्रुपवर सगळ्यांना सांगितलं, कुणी उघडू नका."

काकांनी चिरंजीवांकडे पाहिलंही नाही.

"फार चांगलं केलंत," ते म्हणाले. "आता आपल्या जुलैच्या आवक नोंदीचं तेवढं बघा."