रिव्हेट, गन आणि तुमचे चिरंजीव

बर्मिंगहॅम,
रविवार, दुपार

ती. नाना व आई यांना शि. सा. न. वि. वि.

फोनवर हे शेजारीच बसलेले असतात, त्यामुळे खरं काही बोलता येत नाही. म्हणून हे पत्र. मागच्या खेपेला नानांनी विचारलं, "गाडी कुठवर आली?" त्यावर ह्यांनी ऐटीत "रिव्हेटिंगला आली" असं सांगितलं आणि फोन माझ्या हातात दिला. नाना, तुम्हाला वाटलं असेल, बॉडी चढली. बॉडी अजून गॅरेजच्या भिंतीला टेकून उभी आहे, आली तशी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. रिव्हेट मारायचं काम अजून सुरूच झालेलं नाही, सध्या नुसती निवड चालली आहे. तुमच्या लेकीच्या लग्नात शालूसुद्धा याहून लवकर पसंत झाला होता.

आई, तुम्हाला पहिल्यापासून सांगते. इथे हौशी लोकांना अख्खी गाडी सुट्या भागांत विकत मिळते. लोखंडी नळ्यांचा सांगाडा येतो, ॲल्युमिनियमचे पत्रे येतात, इंजिन आपण जुन्या गाडीतून काढायचं. आमचं एका म्हाताऱ्या माझदातलं आहे, आणि ते सध्या धुलाई यंत्राशेजारी बसलेलं असतं. हा नाद इथे जुना. 1957 साली लोटस कंपनीने सेव्हन नावाची छोटी गाडी काढली आणि ती सुट्या भागांतही विकली, कारण तेव्हा तयार गाडीवर जबर कर होता आणि सुट्या भागांवर नव्हता. जोडणीची माहिती दिली तर ती तयार गाडी धरली जाईल, म्हणून कंपनी गाडी उघडायची माहिती द्यायची आणि गिऱ्हाइकाने ती शेवटाकडून वाचायची, असं इथले लोक हसत सांगतात. 1973 साली व्हॅट आला आणि सवलत संपली. नाद मात्र संपला नाही, त्याचा पुरावा आमच्या गॅरेजमध्ये आहे.

आपल्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून किक मारून सुरू होणारी गाडी केली होती, आठवतं? 2021 मध्ये तिचा व्हिडिओ सगळीकडे फिरला आणि आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. हे तो व्हिडिओ मला अधूनमधून दाखवतात, माझ्या मनाची तयारी म्हणून. मी एकदाच विचारलं, "त्या भल्या माणसाने रिव्हेट निवडायला किती दिवस घेतले असतील हो?" त्यानंतर आठवडाभर व्हिडिओ दिसला नाही.

आता नानांच्या प्रांतात शिरते. तुम्ही प्रवरानगरच्या साखर कारखान्यात बॉयलरवर होतात, तेव्हा जुन्या लोकांकडून ऐकलेली हकिकत सांगायचात. रिव्हेट भट्टीत लाल करायचा, एकाने चिमट्याने फेकायचा, दुसऱ्याने झेलून भोकात घालायचा, तिसऱ्याने मागून आधार धरायचा आणि चौथ्याने घण घालायचा. रिव्हेट गार होताना आखडतो आणि दोन्ही पत्रे आवळून धरतो. गाडीला हे चालत नाही, कारण सांगाड्याची नळी बंद असते. मागून आधार धरायला हात शिरणार कुठून? म्हणून इथे पॉप रिव्हेट. पोकळ रिव्हेट, त्याच्या पोटातून गेलेला एक खिळा. बाहेरून गनने तो खिळा ओढला की आतलं टोक फुगतं, पत्रा आवळला जातो आणि ठरलेल्या ताणाला खिळा टक्कन तुटतो. एक माणूस, एक हात, ना भट्टी ना घण.

ही युक्ती ब्रिटनचीच. हॅमिल्टन वायली नावाच्या माणसाने 1916 साली पोकळ रिव्हेटच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढे तो विमानाच्या कारखान्यात गेला आणि 1927 साली खिळा ओढायची सुधारणा केली. त्यावरून 1928 पर्यंत रिव्हेट बनवू लागलेली जॉर्ज टकर आयलेट कंपनी इथलीच, बर्मिंगहॅमची. ही माहिती शेजारच्या आजोबांकडून ह्यांना मिळाली. बदल्यात ह्यांनी त्यांना ऐकवलं, की आमच्या कोल्हारपासून हाकेच्या अंतरावर प्रवरेकाठी आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना 1950 साली उभा राहिला. दोघेही एकमेकांवर बेहद्द खूश आहेत. गाडी आहे तिथेच आहे.

खरा घोटाळा गनपासून सुरू झाला. पुरुषांचं बाजारात जे होतं तेच झालं, आधी हत्यार घेतलं आणि मग त्याला काम शोधलं. ह्यांनी पहिल्याच दिवशी हवेवर चालणारी गन आणली. तिला कॉम्प्रेसर लागतो म्हणून कॉम्प्रेसर आणला. तो सुरू झाला की धाकटी कानात बोटं घालून बाहेर पळते आणि समोरच्या घरातले पडदे हलतात. मग रिव्हेट आणले, तेही स्टेनलेस स्टीलचे, आणि 16 मिलिमीटर लांब. "लांब असलेला बरा, पक्का बसतो," म्हणाले.

नाना, मी शिवणकाम करणारी बाई आहे, पण एवढं मलाही कळतं, की बटणाचा दोरा कापडाच्या जाडीवरून ठरतो. मी पट्टी घेऊन बसले. पत्रा 1.2 मिलिमीटर, नळीची भिंत 1.6, मिळून 2.8. प्रत्येक रिव्हेटच्या डब्यावर त्याला किती जाडी पकडता येते ते छापलेलं असतं, आणि 2.8 त्या हिशोबात बसलं पाहिजे. आखूड पडला तर मागे फुगायला जागाच मिळत नाही. फार लांब झाला तर फुगवटा पत्र्यापासून दूर पडतो आणि पकड ढिली राहते. साधा हिशोब असा, की पकडायची जाडी अधिक रिव्हेटच्या व्यासाची दीडपट. म्हणजे 4 मिलिमीटरच्या रिव्हेटला नऊएक मिलिमीटर लांबी पुष्कळ झाली. सोळाचा डबा आता कपाटावर आहे. कुणाला दरवाजा जोडायचा असेल तर कळवा.

व्यासावरून घरात दोन पक्ष पडले. हे आणि थोरला म्हणतात, सगळीकडे 4.8, मजबूत. माझं म्हणणं असं, की फरशीचा पत्रा माणसांचं ओझं घेतो, तिथे 4.8 घाला. बाजूच्या पत्र्यांना 4 पुरतो, आणि आतल्या पातळ पट्ट्यांना 3.2. उगाच जाड रिव्हेट म्हणजे मोठं भोक, आणि नळीला जितकं मोठं भोक तितकी नळी अशक्त. शिवाय कडेपासून व्यासाच्या दुप्पट अंतर ठेवावं लागतं. आमची नळी 25 मिलिमीटरची, भोक बरोबर मधोमध पाडलं की दोन्हीकडे साडेबारा राहतात. हिशोब सुटतो. पण मधोमध पाडलं तर.

धातूचाही वाद झाला. इथे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात, लोणच्याला घालावं तसं सढळ हाताने. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात स्टेनलेसचा रिव्हेट आणि वरून खारं पाणी, की रिव्हेट चकचकीत राहतो आणि त्याच्याभोवतीचा पत्रा पांढरी भुकटी होऊन झडतो. एकमेकांना टेकलेले दोन वेगळे धातू ओले झाले की जास्त क्रियाशील धातू बळी जातो, हे थोरल्याच्या शाळेच्या पुस्तकातसुद्धा आहे. म्हणून मी ठरवलं, रिव्हेटचं अंग ॲल्युमिनियमचं आणि ओढायचा खिळा स्टीलचा. पत्रा आणि नळी यांच्यामध्ये लवचीक सीलंटचा पट्टा, म्हणजे ॲल्युमिनियम लोखंडाला थेट टेकत नाही आणि पत्रा खडखडतही नाही. जिथून पाणी आत शिरेल तिथे मागून बंद असलेले रिव्हेट. जो पत्रा पुन्हा काढावा लागेल त्याला रिव्हेट नकोच, तिथे नळीत आटे असलेला रिव्हनट बसवायचा आणि वर स्क्रू.

डोक्याचा प्रश्न उरला होता. गोल डोकं की पत्र्याशी सपाट? ह्यांना सपाट हवं होतं, विमानासारखं. आजोबांनी त्यावर स्पिटफायर विमानाची गोष्ट सांगितली. सपाट रिव्हेट बसवणं वेळखाऊ आणि महाग, तेव्हा त्यांची खरंच गरज आहे का हे बघायला इंजिनिअरांनी सपाट रिव्हेटांच्या डोक्यांवर वाटाण्याच्या डाळीचे दाणे चिकटवले आणि विमान उडवलं. वेग ताशी सुमारे 35 किलोमीटरने कमी झाला. मग एकेक ओळ डाळ काढत पुन्हा उडवत गेले, आणि कुठे गोल डोकं चालतं ते कळलं. आई, हे ऐकल्यावर ह्यांनी माझ्या डाळीच्या डब्याकडे पाहिलं. मी डबा वरच्या फळीवर ठेवला आहे. आमची गाडी इंग्लंडच्या गल्लीतून जाणार आहे, गोल डोकं ठरलं.

नगरच्या रणगाड्यांच्या संग्रहालयात मुलांना नेलं होतं ना, तिथे धाकटीने तो जपानी हा-गो रणगाडा पाहिला होता. अंगभर रिव्हेट. तिथे कुणीतरी सांगितलं, की अशा रणगाड्याला बाहेरून गोळा बसला की आतल्या बाजूने रिव्हेट तुटून गोळीसारखे उडायचे. ते तिने नेमकं लक्षात ठेवलं. आता गॅरेजमध्ये ती हेल्मेट घालून येते.

हत्याराचा निकाल शेवटी आजोबांनीच लावला. त्यांच्याकडे कात्रीसारखी घडी होणारी जुनी रिव्हेटची पक्कड आहे, दोन्ही हातांनी दाबली की खिळा सरळ ओढला जातो. वीज नको, हवा नको, पडदे हलत नाहीत. साध्या एका हाताच्या गनने शंभरेक रिव्हेट मारले की मनगट भरून येतं, आणि 4.8 तर तिला जडच जातो. ही पक्कड माझ्या हातानेही चालते. माझं स्पष्ट मत आहे, घरच्या कामाला हीच बरी. पैसे उरले तर चांगल्या ड्रिल बिटांवर आणि क्लेकोंवर घालावेत.

क्लेको म्हणजे भोकात अडकवायच्या छोट्या स्प्रिंगच्या चिमट्या. शिंपी आधी कच्चा टाका घालतो, तसं यांनी पत्रा जागेवर धरून ठेवायचा. प्रत्येक मापाला वेगळा रंग, 3.2 ला तांब्याचा, 4 ला काळा, 4.8 ला पितळी. भोकं पत्र्याच्या मध्यापासून पाडत कडेकडे जायचं. कडेकडून सुरू केलं की मध्ये पत्रा फुगतो. मापाचं ड्रिलही रिव्हेटपेक्षा केसभर मोठं हवं, 4 ला 4.1. सगळी भोकं पाडून झाली की पत्रा पुन्हा काढायचा, दोन्ही बाजूंची बूर घासायची, कीस झटकायचा, सीलंट लावायचं आणि मगच रिव्हेट. हे ऐकून ह्यांचा चेहरा पडला. त्यांना वाटत होतं, गन धरली की टक टक टक.

सरावासाठी ह्यांनी मागच्या नळीवर थोडे रिव्हेट मारले होते. ते वाकडे बसले म्हणून ड्रिलने काढले. डोकी उडाली, पण उरलेले तुकडे नळीत पडले आणि नळी दोन्हीकडून बंद आहे. आता सांगाडा हलवला की यात्रेतल्या खुळखुळ्यासारखा आवाज येतो. त्यावर उपाय आहे, एका भोकातून मेणाचा फवारा सोडायचा, तुकडे चिकटून बसतात. पण हे म्हणतात, आधी मोजू किती आहेत.

गाडी झाली तरी लगेच रस्त्यावर येत नाही. 2009 पासून इथे घरी केलेल्या गाडीला स्वतंत्र तपासणी लागते. तपासनीस 100 मिलिमीटर व्यासाचा गोळा गाडीवरून फिरवून बघतो, तो जिथे टेकेल तिथली कड 2.5 मिलिमीटरपेक्षा कमी गोलाईची असता कामा नये. म्हणजे पत्र्याची एकही बोचरी कड चालायची नाही. थोरल्याला मी कानस देऊन बसवलं आहे.

बाकी सगळे खुशाल. पेरूची आठवण येते, आणि नगर-मनमाड रस्ता नीट झाला का ते कळवा.

नाना, एकच विनंती. पुढच्या रविवारी "गाडी कुठवर आली" असं विचारू नका, "भोकं किती झाली" असं विचारा, म्हणजे जरा धाक राहील. आणि ते भट्टीत लाल करायच्या रिव्हेटांचा विषय अजिबात काढू नका. गॅरेजला लागूनच माझं स्वयंपाकघर आहे.

आपली,
सूनबाई